खिळ्याने पाडलेली भोकं

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे, आणि ज्याच्या कमरेला राहिलो त्याच्यावरच मी सूड उगवला. त्याची मला जराही लाज वाटत नाही.

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने मला हळुवार भोकं पाडली. मग बदलापूरच्या बेलवलीत राहणाऱ्या हेमचंद्ररावांनी मला विकत घेतलं. अंबरनाथच्या एका कंपनीत ते मोठे साहेब. बरीच वर्षं त्यांचं पोट मी निमूट सांभाळलं.

गेल्या वर्षी साहेब बारीक होऊ लागले आणि माझे हाल सुरू झाले. गॅसवर खिळा लाल करायचा आणि माझ्या अंगात खुपसायचा. घरभर जळका वास. शेजारी म्हणायचे, "काय फिट झालात साहेब!" आणि यांची छाती फुगायची. मला कोण विचारतो?

त्यांची बायको सुनंदाबाई अंगाने भरलेली. तिला हे ऐकवायचे, "मनावर घेतलं की होतं सगळं." कसलं मनावर घेतलंय, खाणं तर तेच होतं. पाण्याच्या बाटल्या मात्र भराभर रिकाम्या व्हायच्या. जिना चढताना बाई पुढे, हे कठडा धरून मागे.

"अहो, एकदा रक्त तपासून घ्या ना."

"आजारी मी दिसतो की तू? आधी स्वतःचं वजन बघ."

त्या दिवशी मी ठरवलं, याला चारचौघांत उघडा पाडायचा.

रविवारी सोसायटीच्या आवारात साहेबांचं फिटनेसवर भाषण होतं. "आता दोन्ही हात वर," असं म्हणत त्यांनी हात उचलले, आणि मी शेवटच्या जळक्या भोकापाशी टर्रकन फाटलो. पँट थेट पायात. लोक पोट धरून हसले. माझा जीव थंडावला.

सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. घरी कायम ढगळ लेंग्यात असणाऱ्या नवऱ्याच्या मांड्या त्या बघत राहिल्या. नुसती हाडं होती.

"हे बारीक होणं नाही हो, हे वाळणं आहे," म्हणत त्यांनी साहेबांना तसंच दवाखान्यात नेलं. साखर भयंकर वाढलेली. अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. त्या ठणठणीत निघाल्या.

अब्रू घ्यायला गेलो आणि जीव वाचवून बसलो. याचा मला अजून राग येतो.

आता मोच्याने मला शिवलंय. औषधं चालू आहेत, साहेबांचं अंग भरतंय, कारागिराच्या भोकावर ते परत आलेत. काल आरशासमोर पोट आत ओढून म्हणाले, "पुन्हा जाड व्हायला लागलो वाटतं." स्वयंपाकघरात बाईंचा हात थांबला.

मित्रांनो, कंबर बघून तब्येत ठरवू नका, स्वतःचीही आणि दुसऱ्याचीही. आणि साहेबांनी पुन्हा खिळा तापवायला घेतलाच, तर माझी शिवण कच्ची आहे.