निळ्या थराखाली

मित्रांनो, मी एक जुनी रंगपाटी आहे. चित्रकार ज्या फळीवर रंग काढून कालवतात, ती. मला अंगठ्यापुरतं एक भोक आहे. त्याची कड कल्पिताच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झाली आहे, आणि याचा मला थोडा गर्वच आहे.

कल्पिताचे वडील काळुराम कोलशेतच्या मिठागरात राबलेले. लेक चित्रकला शिकायला निघाली, तेव्हा त्यांनी कल्याणच्या चांगदेव सुताराकडून उरलेल्या सागाच्या फळीतून मला करवून घेतलं. चांगदेव म्हणाला, "पोरीला पोळपाट द्यायचा सोडून हे काय?" काळुराम म्हणाले, "पोलपाट हाय घरान."

सुरुवातीला माझ्यावर गेरू, विटकरी, मातकट रंग असत. कल्पिता गुणगुणत चित्रं काढी. मग खाडीकाठी टॉवर उभे राहिले. तिथल्या लोकांना सोफ्याला शोभेल असं निळं चित्र हवं असे. माझ्यावर निळ्याचे थरावर थर चढले. वाहवा झाली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? गुणगुणणं कधी थांबलं, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

या वर्षी ठाण्याच्या एका प्रदर्शनात तिला एक आख्खी भिंत मिळाली. विषय तिनेच निवडला, मिठागर. चार चित्रं झाली. शुक्रवारी दुपारी तिने ती वडिलांसमोर मांडली. मिठागर बंद होऊन किती वर्षं लोटली, आणि ते ओळखणारे डोळे घरात हे दोनच होते.

काळुरामांनी चारही चित्रं जवळ जाऊन पाहिली. मग म्हणाले, "ह्यो कंच्या गावचा मिठागर गो, बाय?"

कल्पिता पुन्हा चित्रांकडे बघू लागली.

"पानी असा निला नसतं. मीठ धराचे आधी लालसर व्हतं. तू ल्हान असताना बघलंस ना."

बघितलं होतं. तीच विसरली होती.

संध्याकाळी प्रदर्शन भरवणाऱ्या सुमेधाताईंचा फोन आला. रविवारी सकाळी चित्रं आली नाहीत, तर भिंत दुसऱ्याला जाणार होती. कल्पिताचा नवरा प्रफुल्ल म्हणाला, "अगं, हीच देऊन टाक ना. कोणाला कळणारे?"

"बाबांना कळलं ना," ती म्हणाली. "मला रंगच दिसत नाहीत रे आता. हे प्रदर्शन शेवटचं. बास झालं."

तिने रंग काढायचा पत्रा घेतला आणि ती मला खरवडायला लागली. मित्रांनो, मी फार घाबरले. कोरी झालेली रंगपाटी माळ्यावर जाते, हे मला ठाऊक होतं. निळा थर सुटला. त्याखालचा निळाही सुटला. ती रागाने खरवडतच होती. आणि एकाएकी पत्रा थांबला. तळाशी तिचा कॉलेजातला गेरू होता, निळ्याचा डाग पडून जांभळट झालेला.

"बाबा," तिने हाक मारली. "असा?"

काळुराम वाकून बघू लागले. "जरा पिवला घाल. नाय, इतका नको. हां. आता थांब."

शनिवारभर तिने चारही चित्रांतलं पाणी नव्याने रंगवलं. काळुराम शेजारी बसून प्रत्येक रंगाला हो-नाही म्हणत होते. दुपारनंतर कल्पिता गुणगुणायला लागली. एका चित्राचा कोपरा राहिला, म्हणून रविवारी तिने मलाही पिशवीत घालून नेलं. भिंत अजून रिकामी होती. शेवटचा फटकारा तिने तिथेच मारला.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी पाटी, पेटी, वही असेल, तर ती टाकण्याआधी जरा खरवडून बघा. तळाशी काय आहे, ते आपल्यालाच आठवत नसतं.

मिठागरात चपला घालून कोणी उतरत नाही. खालची तुडवून घट्ट केलेली जमीन बिघडते आणि मीठ मळतं. तशी उतरली म्हणून लहानपणी कल्पिताने वडिलांचा मारही खाल्ला होता. त्या रविवारी सकाळी काळुराम प्रदर्शनात ओल्या चित्रांसमोर आले, क्षणभर थांबले आणि चपला काढून पुढे गेले.