रुखमा बसत नव्हती

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर बसता त्याच्याकडे कधी वळून पाहता का? नाही ना. असू दे, माझी तक्रार नाही. मी सागाची एक जुनी खुर्ची आहे. माझा एक हात सैल झालाय आणि पॉलिश कधीच उडालंय. लाकडाला काही वाटत नाही असं लोक म्हणतात. बरीच वर्षं माझंही तेच मत होतं.

मी आलापल्लीच्या जंगलातली. चंद्रपुरात बापूराव सुताराने मला जोडलं. बापूराव तोंडाचा तिखट, पण हात मोठा गुणी. माझी पाठ त्याने जरा मागे कलती ठेवली. बसणारा टेकला पाहिजे, नाहीतर खुर्ची कशाला, दगड काय वाईट, असं त्याचं म्हणणं.

नीलाबाई दुर्गेंनी मला विकत घेतलं, ते ऐंशीच्या दशकातलं सुरुवातीचं एक वर्ष. बाई वरोऱ्याच्या, मनाच्या दुखण्यांचं शिक्षण घ्यायला पार बंगलोरला जाऊन आलेल्या. चंद्रपुरातच भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. ज्यांच्यावर काही भयंकर गुदरलं आणि जे अजून तिथेच अडकून पडलेत, अशी माणसं तिथे यायची. मोठी यायची, शाळकरी पोरंही यायची. बाई फक्त ऐकायच्या आणि बोलायच्या. ही कशाची डॉक्टरीण, सुई तर देतच नाई, असं गल्लीत बोललं जायचं. काही जण वेड्यांचा दवाखाना समजून मागच्या दाराने यायचे. पण यायचे.

राजुऱ्याकडच्या एका खाणीत दोस्त गाडला गेलेला खुशाल नावाचा कामगार माझ्यावर बसून तासभर नुसते हात चोळायचा. या खुर्चीत पाठ हलकी होते म्हणायचा. मला त्या कौतुकाचं काही वाटलं नाही. लोक बसत, रडत, डोळे पुसून उठून जात. मी आपली कोरडी ती कोरडीच.

मग एका उन्हाळ्यात चामोर्शीपलीकडच्या जंगलातल्या गावातून पोचू आपल्या मुलीला घेऊन आला. रुखमा तिचं नाव, पंधराएक वर्षांची. पोचूने दारातच सांगितलं, की हिची आई ठमाबाई मोहफुलं वेचताना वाघाने नेली, आणि तेव्हापासून पोरगी बसत नाही. जेवते उभ्याने, झोपते भिंतीला टेकून. बोलणंही बंद. गावच्या पुजाऱ्याने सगळं करून पाहिलं होतं. पोरीचे पाय सुजून हंड्यासारखे झाले होते. ही अशीच उभ्या उभ्या जाईल, असं पोचू म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसा.

बाईंनी मला पुढे सरकवलं. रुखमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला पाठ लावून ती दाराकडे तोंड करून उभी राहिली.

इथे बाई चुकल्या. त्यांना वाटलं, साहेबांच्या कचेरीत जंगलातली माणसं खुर्चीवर बसायला बिचकतात, तसंच हे असेल. म्हणून त्यांनी मला उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि सतरंजी अंथरून स्वतः खाली बसल्या. पोरगी आठवड्यामागून आठवडे येत राहिली आणि सतरंजीच्या कडेला उभीच राहिली. कोपऱ्यात माझ्यावर धूळ बसत होती. खरं सांगू? मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

एकदा बाईंच्या हातून चुरमुऱ्यांची वाटी सांडली. त्या ओणव्या होऊन वेचू लागल्या. तशी रुखमा भिंत सोडून झटकन आली आणि बाईंच्या पाठीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून उभी राहिली. बाईंचा हात थांबला. वर न पाहताच त्यांनी विचारलं, हे काऊन बाई?

"वाकल्यावर पाठीशी कोणी पायजे," रुखमा म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या गावात मोहफुलं वेचायची रीत अशी, की एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने पाठीशी उभं राहून रानावर नजर ठेवायची. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो म्हणतात. त्या पहाटे आई वाकली होती आणि राखणीला रुखमा होती. पायात काटा रुतला म्हणून ती घटकाभर खाली बसली. काटा काढून मान वर केली, तर झाडाखाली नुसती टोपली. गावात कोणी तिला बोल लावला नाही. सगळे गप्पच राहिले, आणि त्याने ती आतून गोठून गेली.

तुझी चूक नाही, असं बाईंनी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. रुखमा मान हलवायची आणि उभीच राहायची.

पुढच्या खेपेला बाईंनी सतरंजी गुंडाळली, मला पुसलं आणि खोलीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून ठेवलं. माझ्या पाठीमागे त्या स्वतः उभ्या राहिल्या, दाराकडे तोंड करून.

"बस बाई," त्या म्हणाल्या. "मी पाहून राह्यली."

रुखमाने बाईंच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् तुमच्या पायात काटा रुतला तं?"

"तं तुले हाक मारीन. तू उठ, मग मी बसन."

बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. रुखमाने माझा हात धरला, आधी जरा टेकली, मग बसली. इतकी हलकी होती, की मला वजनच लागेना. थोड्या वेळाने तिची मान माझ्या कलत्या पाठीवर पडली. ती झोपली होती. पोचू दारात आला, पाहिलं, आणि तोंडाला दुपट्टा लावून पायरीवर जाऊन बसला. पुढची माणसं ताटकळली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं. फार वाटलं.

आता मी म्हातारी झाले. मला रोज पुसा, तेल लावा, असा माझा हट्ट नाही. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी असं न बसता उभं दिसलं, तर त्याला नुसतं बस बस म्हणू नका. आधी त्याच्या जागी जाऊन उभे राहा.