मागच्या दाराने गेलेली तिवई

मित्रांनो, कोपऱ्यात मिटून उभी असले की मला सगळे मोडकी छत्रीच समजतात. पण मला उलगडा, माझे तिन्ही पाय जमिनीला टेकवा आणि खुशाल बसा. मी एक जुनी घडीची तिवई आहे.

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून माझे पाय घडवले, मधोमध एक बोल्ट घालून ते जोडले आणि वर जाड कापडाची तिकोनी बैठक चढवली. "हे तीन भावांचं घर आहे बघा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "एक रुसला की तिघंही आडवे."

ते गिऱ्हाईक म्हणजे एक चित्रकार. शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात बसून ते थोरांची चित्रं बघून तशीच काढायचा सराव करत. पुढच्या दारी रांग पार रस्त्याला वळसा घालून जाई. आम्ही मात्र मागच्या गल्लीतल्या दाराने आत शिरायचो. आणि आत काय वैभव होतं म्हणून सांगू! फळांवर पडलेलं ऊन, म्हाताऱ्यांच्या हातांवरच्या शिरा, वादळातलं एकटंच शीड. चित्रापुढे बसले की चित्रकार असे गप्प होत, जणू कोणी आत गात आहे आणि आपण मध्ये बोलायचं नाही.

पुढे चित्रकार थकले आणि एक दिवस गेले. मी जिन्याखाली झाडूची शेजारीण झाले. बैठक उसवली होती, म्हणून त्यांच्या सुनेने मला शिलाईवाल्या मावशींकडे शिवायला टाकलं, आणि न्यायला कोणी फिरकलंच नाही. मावशींनी दोन पदरी टाके घालून मला आपल्याकडेच ठेवून घेतलं.

मावशींच्या शिलाई मशीनच्या वर बिस्किटांच्या जुन्या डब्याचं झाकण टांगलेलं होतं. त्यावर खिडकीशी बसून सुईत दोरा ओवणारी एक बाई होती. छपाई इतकी पुसट, की दोरा सुईत गेला आहे की नाही, ते कळेच ना. मावशी हयातभर त्या बाईकडे बघत शिवत आल्या. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर कडेकडेने मिटत जाणार. त्यातच बातमी आली : झाकणावरच्या बाईचं मूळ चित्र परदेशातून आपल्या संग्रहालयात पाहुणं आलं आहे, आणि रविवारी परत जाणार.

शनिवारी मावशी मला काखेत घेऊन निघाल्या. रांग पुढे सरकली की मावशी मला उचलत, थांबली की मांडत. माझ्यावर बसून त्यांच्या गुडघ्यांना विसावा मिळे. एवढ्यात पहारेकरी जवळ आला.

"आजी, इथं कशाला ताटकळता? मागच्या दाराने या की."

"आजी कोणाला म्हणतोस रे? आणि मागच्या दाराने जायला मी काय वशिल्याची आहे? आयुष्यभर सरळ वाटेने आले."

तो बिचारा मान हलवत गेला. मला ते दार पाठ होतं, पण तिवईला तोंड कुठून असणार! आम्ही तिकीटखिडकीशी पोचलो आणि आतल्या माणसाने पाटी लावली : आजची तिकिटं संपली.

घरी भाची वाट बघत होती. ती बसची वाहक. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, मागचं दार म्हणजे आधी तिकीट काढून येणाऱ्यांचं दार. फोनवर वेळ ठरवायची, त्या वेळेला जायचं. शेवटच्या तासाला तर तिकीटही निम्मं."

"निम्म्यात आणि मागून? मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं."

"संध्याकाळी गर्दी ओसरते, म्हणून स्वस्त."

"मला नको बाई. लोक काय म्हणतील?"

"माझ्या बसला चढायचं दार कुठं आहे?"

"मागे."

"मग माझे सगळे प्रवासी वशिल्याचे का?"

मावशींनी सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाल्या, "तिकीट काढ. पण मी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही."

रविवारी संध्याकाळी, डबा खाऊन, पाण्याची बाटली घेऊन आम्ही मागच्या गल्लीत पोचलो. दारात कालचाच पहारेकरी होता.

"बाळ, इथून गेलं तर कोणाचा हक्क तर मारत नाही ना मी?"

"तुमचाच हक्क आहे, ताई." त्याने 'ताई' जरा जोरातच म्हटलं. मावशी हसल्या.

रांग नव्हतीच, त्यामुळे मला कोणी मांडलं नाही. क्षणभर वाटलं, आपलं काम संपलं. पण चित्रापुढे मावशींनी मला उलगडलं. काल रांगेत खर्च झालेले त्यांचे पाय आज शाबूत होते. त्या पुढे झुकून, चष्मा सारखा करून, किती तरी वेळ बघत राहिल्या. पुन्हा कोणी तरी आत गाऊ लागलं होतं.

"दोरा ओवलाच नाही गं अजून," त्या हळूच म्हणाल्या. "टोक ओलं केलंय, सुई उजेडाकडे धरलीय. तरीच म्हटलं, इतक्या वर्षांत हिचं शिवण पुढे का सरकत नाही."

भाची हसता हसता डोळे पुसत होती.

उठताना माझी बैठक चर्रकन उसवली. त्याच रात्री मावशींनी सुई काढली, उजेडाकडे धरली, टोक ओलं केलं. दोरा काही जाईना. भाचीने न सांगताच सुई घेतली, ओवली आणि परत त्यांच्या हाती दिली. टाके मावशींनीच घातले, बोटांनी चाचपत. थोडे वाकडे आहेत. मला ते मिरवावेसे वाटतात.

मित्रांनो, मोठी चित्रं बघायला जाल तेव्हा आधी दोन गोष्टी विचारून घ्या, वेळ ठरवून जा. पायांतली ताकद रांगेवर उधळू नका. ती चित्रापुढे लागते. आणि घरात कोणाला सुई ओवता येत नसेल, तर हाक मारायची वाट बघू नका.