गवतातली चाकोरी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण घरात मांडून ठेवायची नव्हे. लोखंडी पाइप वाकवून आणि त्यावर जाड कॅनव्हास ताणून मला बनवले. मग दक्षिण आफ्रिकेतल्या एका राखीव जंगलात, एका उघड्या जीपच्या अगदी नाकावर, डाव्या दिव्याच्या वर बसवले. मी माग काढणाऱ्याची खुर्ची.

माझ्यावर रिसिमाती बसत असे. बावीस वर्षे बसला. धुळीतल्या ठशाचा काठ अजून तीक्ष्ण आहे की वाऱ्याने ढासळला आहे, एवढ्यावरून सिंह केव्हा गेला ते तो सांगे. त्याने डावा हात उचलला की गाडी डावीकडे वळे, उजवा उचलला की उजवीकडे. सिंह दिसला की तो उतरून मागे, जंगल पाहायला आलेल्या पाहुण्यांत जाऊन बसे. मी मात्र तिथेच, सगळ्यांच्या पुढे. "सगळ्यांत भारी जागा ही!" असे पाहुणे म्हणत. मला त्याचा गर्व होता.

पुढे माझ्या पाठीचा एक बोल्ट सैल झाला. गाडी दगडांवरून गेली की पाठ मागेपुढे हाले आणि रिसिमातीच्या कमरेत कळ उठे. गाडी चालवणारी न्कातेको त्याच्याच गावची होती. ती त्याला मामा म्हणे.

"मामा, ही खुर्ची फार करकरते. दुरुस्तीला टाकू?"

"माझी कंबरही करकरते. मलाही टाकणार का?"

"तुमचे सुटे भाग मिळत नाहीत आता."

दोघे हसत, आणि बोल्ट तसाच राही.

त्या वर्षी गवत छातीइतके वाढले होते. तुटक्या कानाच्या सिंहिणीने ओढ्यापलीकडच्या खडकांत तीन पिल्ले दिली. त्याच सुमारास उत्तरेकडून तीन भाऊ आले, भरल्या आयाळीचे. त्यांनी आमच्या जुन्या दोन नरांना पिटाळून लावले. मित्रांनो, नवे नर आले की ते आधीच्या नरांची पिल्ले मारतात. मग सिंहिणी लवकर त्यांच्यापासून गाभण राहतात. ते दुष्ट नसतात. त्यांची रीतच तशी असते.

म्हणून पिल्ले पाहायला जाताना रिसिमातीचा एक नियम होता. कोरड्या ओढ्यातल्या गोट्यांवरून जायचे, वारुळापाशी थांबायचे, दुर्बिणीतून पाहायचे आणि मागे फिरायचे. गवतात चाक घालायचे नाही. "गाडीनं गवत दाबलं की वाट होते," तो म्हणे, "आणि तयार वाट सिंहालाही आवडते."

एका सकाळी गोट्यांवर माझी पाठ जोरात हलली. रिसिमातीने ओठ चावला. पण त्याची मान आखडलेली न्कातेकोला मागून दिसली. तिने गाडी काठावरच्या रस्त्यावर घेतली आणि थांबवली.

"मामा, आज गवतातून जाऊ. एकदाच."

"नको."

"दुखतंय ना?"

"दुखू दे. म्हातारपणी दुसरं काय करायचं असतं कमरेनं?"

"हट्ट करू नका हो. सरळ गेलं तर हाकेच्या अंतरावर आहे."

त्याने कमरेवरून हात फिरवला. मग त्याने गवताच्या बाजूला उजवा हात उचलला.

गवत माझ्या पायाशी मऊपणे आडवे होत गेले. एकही धक्का बसला नाही. मला बरे वाटले, हे मी लपवणार नाही. पिल्ले जवळून दिसली. एक तर आईच्या शेपटीचा गोंडा चावत होते. परतही आम्ही त्याच वाटेने आलो.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावर तिघा भावांचे ठसे उमटलेले होते. काठ तीक्ष्ण होते. ठसे रस्त्याने सरळ आले होते आणि आमच्या चाकोरीपाशी आत वळले होते. दोघे डाव्या चाकोरीतून गेले होते, एक उजव्या. रिसिमातीने कोणताच हात उचलला नाही.

न्कातेकोने गाडी ओढ्यात घातली. वारुळापाशी थांबून दुर्बिणीतून पाहिले, तर खडकांत सिंहीण एकटीच होती. पुढचे दोन दिवस ती घशातल्या घशात हाका मारत तिथेच फिरत होती.

"गाडी मी घातली, मामा."

"हात मी उचलला, पोरी. कंबर मोडली असती तरी चाललं असतं."

ते तिघे भाऊ वासानेही तिथे पोहोचले असते, असे नंतर कोणीतरी म्हणाले. पोहोचलेही असते. पण ठसे चाकोरीत होते आणि त्यांच्या सगळ्यांत जवळ मी होते.

न्कातेकोने त्याच दुपारी पाना आणून माझा बोल्ट आवळला. चार मिनिटे लागली.

आता ती जीप भंगारात गेली आहे. काम सोडताना रिसिमातीने मला मागून घेतले आणि अंगणातल्या मरुलाच्या झाडाखाली ठेवले. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू करकरत असेल, तर हसून सोडून देऊ नका. ती कोणाला तरी दुखवत असते. आणि आवडत्या जिवाला पाहायला जाल, तेव्हा आपल्या मागे काय उरते तेही वळून पाहा.

रिसिमाती रोज सकाळी माझ्यावर बसण्याआधी तो बोल्ट अंगठ्याने दाबून पाहतो. तो घट्टच असतो. तरी पाहतो.