अंधारकोठडीची भिंत

जुन्या तुरुंगाचं रत्न आणि खनिजांचं संग्रहालय करायचं ठरलं आणि दिव्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांनी एकच मागणी केली. "त्या अंधारकोठडीला आधी खिडकी पाड."

तरुणपणी संप केला म्हणून त्यांना तिथे डांबलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात रात्रभर दिवा जळतो. आई म्हणायची, "माझं लग्न ह्यांच्याशी लागलंय की बल्बशी, देव जाणे." मीही दिव्यांचाच धंदा पत्करला, खाण तशी माती. खिडकीचा शब्द मी लगेच देऊन बसले.

आणि नेमकी तीच कोठडी नडली. काही खनिजं साध्या उजेडात अगदी मठ्ठ दिसतात, अतिनील दिव्याखाली मात्र पेटून उठतात. त्यासाठी मिट्ट काळोख हवा आणि तसा काळोख अख्ख्या इमारतीत तिथेच. खिडकी पाडली तर दालन गेलं, नाही पाडली तर बापाला दिलेला शब्द गेला. इकडे आड, तिकडे विहीर. मला दगडांचा राग आला, तुरुंगाचा आला, बाबांचाही आला.

शेवटी त्यांनाच घेऊन गेले. "एकदा आत या. नाही म्हणालात तर उद्याच भिंत फोडते."

"दार लावू नकोस."

"लावावं लागेल, बाबा."

त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मी दार लावलं, दिवा सुरू केला. कपाटातले राखाडी दगड हिरवे, केशरी, जांभळे झाले. कितीदा पाहिलं तरी माझ्या अंगावर काटा येतोच. बाबा मात्र तिकडे बघतच नव्हते.

ते भिंतीकडे बघत होते. तिच्यावरचे चुन्याचे थर आम्ही आदल्याच दिवशी खरवडले होते. उघड्या पडलेल्या अखंड कातळात एक शीर जमिनीपासून छतापर्यंत लालभडक उजळली होती, वर जाताना तिला फाटे फुटत गेले होते. हे आम्ही मांडलेलं नव्हतं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

बाबा हळूहळू कोपऱ्यात गेले. कैदेत असताना तिथेच ते पाठ टेकून बसायचे. शीर तिथूनच वर निघाली होती. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला.

"ही तेव्हाही होती?"

"तुरुंग बांधला त्याच्याही कितीतरी आधीपासून."

"आणि मी समजत होतो, इथे मी एकटाच आहे."

मला रडूच फुटलं. त्यांचे डोळे मात्र कोरडे होते. लहान मुलासारखे ते वर, अगदी छतापर्यंत बघत राहिले.

मग म्हणाले, "दिवा बंद कर."

"नक्की?"

"कर गं."

मी बटण दाबलं. शीर क्षणभर मंद तेवली आणि विझली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मी घाईघाईने दाराची कडी चाचपडू लागले.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "घाई काय आहे?"