कुबड्या शिपाई

आसाराम गाडेकर एस.टी.त कंडक्टर होता. गाडी जिथं मुक्कामी जाईल तिथल्या बाजारातून तो एखादं खेळणं घेऊन यायचा. त्याला मूलबाळ नव्हतं आणि खेळणी कुणासाठी घेतो, हे त्यानं कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर नगरला माळीवाड्यातल्या घराच्या ओसरीवर त्यानं काचेचं कपाट करून घेतलं. चावीची आगगाडी, माना हलवणारे बैल, सावंतवाडीची लाकडी फळं. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि आसारामला बरं वाटायचं.

पण एकाहत्तरच्या दिवाळीत कपाटातला पत्र्याचा मोटारसायकलवाला नाहीसा झाला. तेव्हापासून कपाटाला कुलूप लागलं, चावी करगोट्याला बांधली गेली आणि आसारामची नजर बदलली. थांबणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो आता हाताकडे बघायचा.

पाकिस्तानबरोबरची लढाई संपून दोन-अडीच महिने झाले असतील. एका सोमवारी सकाळी खाकी स्वेटर घातलेला एक जण कपाटापाशी आला आणि उकिडवा बसून खालच्या कप्प्यात बघू लागला. पंचविशीतला, दाढी वाढलेला.

"कुनाकडं काम हाय?" आसारामनं विचारलं.

त्यानं मान वळवली नाही. आसारामनं पुन्हा विचारलं. ऐकलंच नसल्यासारखा तो थोड्या वेळानं उठला आणि निघून गेला.

पुढच्या सोमवारी तो परत आला, त्याच जागी बसला. या वेळी स्वतःच बोलला. "काका, ह्यो शिपाई कुठं मिळाला तुमाला?"

"तुमाला काय करायचं?" आसाराम म्हणाला. तो माणूस उठून गेला.

"बघतोय तर बघू द्या की," त्याची बायको झुंबरबाई आतून म्हणाली.

"आगगाडी सोडून कुबड्याकडं कोन बघतं?" आसाराम म्हणाला. "ह्यात कायतरी हाय."

त्यानं दार लावून शिपाई बाहेर काढला. वीतभर लाकडी बाहुला होता तो. जुन्या बाजारात खेळण्यांची टोपली घेतली तेव्हा विकणाऱ्यानं वरून टाकलेला. हातात बंदूक नाही, एक हात कानाशी, पाठीवर चौकोनी कुबड. पोरं त्याला कुबड्या म्हणायची आणि पुढं सरकायची. आसारामनंही त्याला कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तर कुबडाच्या वरच्या बाजूला बारीक भोक. त्यानं बाहुला कानाशी धरून हलवला. आत काहीतरी लपवलेलं असणार, त्याशिवाय हा माणूस दोनदा येईल कशाला? त्यानं दाभण घेतलं आणि भोकात घालून जोर केला. कुबड उभं चिरलं. आत नुसतं लाकूड होतं.

चिरलेली बाजू भिंतीकडं करून त्यानं शिपाई परत ठेवला. झुंबरबाईला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या सोमवारी तो माणूस बसला नाही. सरळ आसारामसमोर उभा राहिला. "काका, एक दिवस द्या मला तो. आईला दाखवून आनतो."

"असंच गोड बोलून नेत्यात," आसाराम म्हणाला. "आन् पयल्या दिवशी इचारलं तर वळून बघितलं नाही तुमी."

त्यानं मान तिरकी करून उजवा कान पुढं केला. "जरा हिकडून बोला. डावा गेलाय. तोफेचा गोळा जवळ पडला. दर सोमवारी मिलिट्रीच्या दवाखान्यात दाखवायला येतो." त्याचं नाव कानिफनाथ, गाव नेवाशाकडचं. "पाठीवर कुबड न्हाई ते. वायरलेसचा सेट हाय. हातात कानाला लावायचा फोन. मी ह्येच काम केलं, काका. गावात पोरं इचारत्यात, किती मारले? मी म्हन्तो, म्या निरोप दिले. मंग त्यास्नी वाटतं, ह्यो लढाईला गेलाच न्हवता. आईला बी काय सांगावं कळंना."

"आन् ते भोक?"

"तिथं एरियलची तार असनार. मोडली आसंल."

आसारामनं कपाट उघडलं. शिपाई त्याच्या हातात देताना तो खाली बघत म्हणाला, "चीर माझ्या हातची हाय. मला वाटलं, आत माल हाय."

कानिफनाथनं चिरेवरून बोट फिरवलं. पण आसारामचा जीव अजून मोकळा नव्हता. एक सांगणं खरं वाटलं म्हणून वस्तू सोडायची का? "मी बी येतो गावाला," तो म्हणाला.

दुपारच्या गाडीनं ते निघाले. शिपाई पिशवीत, पिशवी आसारामच्या मांडीवर, दोन्ही हात वर. वाटेत त्यानं प्रश्न विचारून कानिफनाथला चाचपून बघितलं. पलटण कुठली, गाडीनं गेला की ट्रकनं, बॅटरी किती वेळ चालते. कानिफनाथ एकेका शब्दात उत्तर द्यायचा. पडताळून बघायला आसारामकडं काहीच नव्हतं.

गावात शिरताना एका पोरानं मात्र हाक मारली, "नाथा आला", आणि आसारामनं पिशवीवरचा एक हात उचलला.

आई, बनुबाई, ओट्यावर तूर निवडत होती. कानिफनाथनं बाहुला तिच्या सुपात ठेवला आणि काय काय आहे ते दाखवलं. तिनं तो उचलून बराच वेळ पाहिला.

"ह्यो तू?"

"व्हय."

"पाठीला लागत न्हवतं?"

"लागायचं."

"किती वजान?"

कानिफनाथला सांगता येईना. तो उठला, गोणीत दगड भरले, दोरीचे पट्टे केले. आई गोणी घ्यायला पुढं झाली तसा आसाराम म्हणाला, "मला द्या." गोणी पाठीवर चढली आणि तो विहिरीपर्यंत चालत गेला. परत येईतो मान वाकली होती. ओट्यापाशी टेकू लागला तर कानिफनाथ म्हणाला, "बसायचं न्हाई काका. आता पळायचं. आन् पळताना बोलायचं."

आसाराम तसाच उभा राहिला. बनुबाईनं सूप बाजूला सारलं, त्याच्या मागं गेली आणि दोन्ही हातांनी गोणी खालून उचलून धरली.