नारंगी घराण्याचा वाळा

मी एक जुना वाळा आहे. वाळा म्हणताच तुम्हाला रुणझुण आठवली असेल, पण मी वाजत नाही. मी प्लास्टिकचा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि माझी जागा पाखराच्या पायात.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. नारंगी पट्टीचे तुकडे झाले, गरम सळईभोवती प्रत्येकाला दीड वळसा दिला गेला आणि माझं एक टोक दुसऱ्याखाली दडलं. पाकिटात आम्ही पन्नास भावंडं होतो. पुढे सगळी पांगली. एका पाखराला एकच वाळा, हा आमचा नेम.

मला घड्याळकाकांनी आणलं. ते घड्याळं दुरुस्त करत आणि मागच्या गॅलरीला जाळी लावून फिंच पाळत. फिंच म्हणजे चिमणीहून लहान, केशरी चोचीची पाखरं. काकांनी दोन गावांहून दोन जोड्या आणल्या होत्या. एकीच्या पिल्लांना नारंगी वाळा, दुसरीच्या पिल्लांना पिवळा. जोडी लावायची ती नारंगी-पिवळ्याचीच. त्यांच्या पिल्लांसाठी पुढे तिसऱ्याच घराण्यातून जोडीदार आणायचे, असा काकांचा बेत होता.

एवढा खटाटोप कशासाठी? पाखराच्या रक्तात एखादा दोष लपलेला असतो. एकटा असतो तोवर तो गप्प राहतो. सख्ख्या बहीणभावाची जोडी जमली, तर दोघांतला तोच दोष पिल्लात एकत्र येऊ शकतो, आणि मग तो गप्प राहत नाही.

काकांची थोरली बहीण घरीच शिवणकाम करी. दोघंही बिनलग्नाची. पाखरांच्या सोयरिकी जुळवतोस, स्वतःची तेवढी राहिली, असं ताई म्हणे. आलेल्या मुलींना नापास कोण करत होतं, असं काका विचारत.

मला नारंगी घराण्यातल्या करडी नावाच्या मादीच्या पायात घातलं. रात्री ती पाय पोटाशी घेई, तेव्हा तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत. बाकी पाखरं अंगाला अंग लावून बसत. माझ्या जातीचं जवळ कुणी नव्हतं, आणि मी आहे हे करडीच्याही गावी नव्हतं.

तिची आवडती फांदी उन्हाकडची. दीड वर्षात मी विटलो. नारंगीचा चक्क पिवळा झालो. त्याच सुमारास तिच्या सख्ख्या भावाचा वाळा तुटला, म्हणून काकांनी त्याला पाकिटातला नवा घातला, लखलखीत नारंगी.

मग काका डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी गेले आणि विश्रांतीला दीड महिना पुतणीकडे राहिले. जाताना ताईला सांगून गेले, पिवळी मादी आणि नारंगी नर एका पिंजऱ्यात सोड. ताईने पाय पाहिले आणि करडीला तिच्याच भावाबरोबर सोडलं. मला सगळं कळत होतं. पण वाळ्याला कंठ कुठला?

करडीने पाच अंडी घातली. तीन उबलीच नाहीत. चौथ्यातलं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. पाचव्याला मानच उचलता येईना, घास घ्यायचा कसा? तेही गेलं. करडी रिकाम्या घरट्यात दोन दिवस बसून राहिली. ताईला वाटलं, हिला पिल्लं सांभाळता येत नाहीत. तिने पाखरंवाल्याला निरोप धाडला, ही मादी घेऊन जा.

तो रिकामा पिंजरा घेऊन आला, त्याच सकाळी काका परतले. निरोप द्यायला त्यांनी करडीला हातात घेतलं. सवयीने डोळ्याला भिंग लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि थबकले. चिमट्याने त्यांनी माझं दडलेलं टोक हलकेच उचललं. तिथे ऊन कधी पोहोचलंच नव्हतं. तिथे मी अजून नारंगी होतो.

"ताई, ही नारंगी आहे. आपण हिला हिच्या भावाशी बांधलं."

ताईने वाकून माझं टोक पाहिलं. "आणि मी इतके दिवस हिलाच बोल लावले रे."

"तुझं काय चुकलं? मी रंगावर विसंबलो. लिहून ठेवायला माझे हात मोडले होते का?"

पाखरंवाला रिकाम्या हाती गेला. काकांनी एक वही केली आणि करडीला आकडा कोरलेला धातूचा वाळा घातला. ज्या टोकाने तिला वाचवलं, त्याच टोकाला धरून त्यांनी मला सोडवलं आणि ताईच्या बटणांच्या डब्यात टाकलं. इथे चार भोकांची बटणं आहेत, हूक आहेत. त्यांची भाषा मला येत नाही. करडीला पिवळ्या घराण्यातला नर मिळाला आणि तिची चार पिल्लं उडाली, हे ताई कुणाला तरी सांगत होती, तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं म्हणून कळलं.

मित्रांनो, पाखरं पाळलीत तर पिल्लाचे आईबाप कोण, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पाखराला आपलं नातं सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्या खुणा उन्हाने बदलतात. पिल्लू दुबळं निघालं तर आधी त्याच्या आईला बोल लावू नका, आपली वही उघडा. पान कोरं निघालं, तर चूक कुणाची ते तिथेच वाचायला मिळेल.